स्वामींच्या कोंबड्या

माझ्याइतकं कडक व्रत आख्ख्या येलहंक्यात कुणी पाळलं नसेल. सहाव्या दिवशी मी अंडं खाल्लं, ते सोडा. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, तेही मास्तरांच्या गाईला गवत टाकायला, त्यामुळं हे मी सांगतोय आणि माझी पोरगी लिहून घेतेय. ती आत्ताच म्हणाली, बाबा, पहिल्याच ओळीत थाप नको. थाप नाही गं. माळ खरी होती, काळी लुंगी खरी होती, कपाळावरचं गंध खरं होतं. त्या व्रताखाली भरडलं कोण गेलं तेवढं सांगायचं राहिलंय, आणि आता पन्नाशी उलटल्यावर सांगितलं तर मारणार तरी कोण.

आमचं घर जुन्या येलहंक्याच्या टोकाला, तळ्याकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढं ओसरी, ओसरीवर एक बाकडं, मागं परस, परसात गोठा. आम्ही बेंगळूरचे जुने मराठे. इथं कधी आलो म्हणून विचारलं तर आप्पा म्हणायचे, "घोड्यावरून." यापुढं त्यांनाही काही माहीत नव्हतं. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडणात दोन्ही. सकाळी आई चुलीवर रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, घोटायची, त्या काठीचा दणदण आवाज ओसरीपर्यंत यायचा. त्याच्याबरोबर हुळग्याच्या साराचा वास. गाई विकल्यापासून गोठा रिकामाच होता. त्याला जाळी मारून, खाली भाताचं तूस पसरून अक्कानं त्यात पाचशे पिल्लं आणली. बॉयलरची पिल्लं, पिवळी, कापसाच्या बोंडाएवढी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला होसकोट्याकडं दिली होती आणि ती परत आली होती. का आली ते घरात कुणी बोलत नव्हतं. लग्नानंतर पहिल्या पहिल्या सणांना ती घरी यायची तेव्हा असं जेवायची की आई हसून म्हणायची, अगं, सासरी चुलीला सुट्टी आहे का? पुढं पुढं ती यायची आणि ताटासमोर नुसती बसायची. शेवटी आली ती पत्र्याची ट्रंक घेऊन. डाव्या मनगटावर एक डाग होता, गोल, वरच्या बाजूला दांड्यासारखा निमुळता. आई शेजारणींना सांगायची, तेल उडलं. मी अडाणी असलो तरी उडालेलं तेल पळीच्या आकाराचं पडत नाही, एवढं मलाही कळत होतं.

तिचा नवरा, आमचे दाजी, दर गुरुवारी मोपेडवरून यायचे. अजूनही 'आला' न येता 'आले' असंच तोंडात येतं, सवय. यायचे, बाकड्यावर बसायचे, आईनं दिलेली कॉफी संपवायचे आणि गप्प राहायचे. कधी ओरडले नाहीत. बोलायचे ते फार गोड. आप्पांना म्हणायचे, मामा, तुम्ही म्हणाल तेव्हा नेईन, मला घाई नाही. तेवढं बोलून परत बसायचे, अंधार पडेपर्यंत. आप्पा कारखान्यात पाळीला जाणारा साधा माणूस, लोक काय म्हणतील याला भिणारा. एका गुरुवारी त्यांनी शब्द दिला. अक्कानं ही कोंबड्यांची एक बॅच नीट वाढवून दाखवली, स्वतःच्या पायावर उभी राहते असं दिसलं, तर ती राहील. बॅच बिघडली तर संक्रांतीच्या आधी दाजींनी तिला घेऊन जावं. दाजी म्हणाले, सरी मामा, चालेल. आणि हसले. अक्का दारात उभी होती, ती हसली नाही.

खाद्य कालवणं माझं काम. हेब्बाळच्या बाजूनं एक तरुण डॉक्टरबाई गावागावातल्या कोंबड्या बघत फिरायच्या. त्यांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं होतं. अक्का सातवी शिकलेली, तिनं मला एकदा वाचून दाखवलं आणि ते मी पाठ केलं. भरडलेला मका, भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, सुक्या मासळीची पूड, शिंपल्यांचा चुरा आणि खाद्याच्या दुकानातून आणलेली एक पांढरी पूड, घमेल्याला चिमूट चिमूट. अंगणात ताडपत्री टाकून मी ते फावड्यानं वरखाली करायचो. एक वेळ नाव विसरेन, पण माप विसरणार नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. आणि खाद्य पत्र्याच्या लांब पन्हळींत ओतलं की पाचशे चोची एकदम पडायच्या. तो आवाज कसा सांगू. सुपात तांदूळ उडवल्यासारखा, पण न थांबणारा. पलीकडच्या हवाई तळाचं विमान डोक्यावरून गेलं की सगळी पिल्लं जागच्या जागी थिजायची, गप्प. मग एक, दोन, तीन मोजावं, की परत चोची चालू. आई म्हणायची, मला विमान गेलेलं कोंबड्यांवरून कळतं.

पिल्लं आठवड्याची झाली आणि मी अय्यप्पाची माळ घातली. कुणासाठी, तर अक्कासाठी. अक्का राहू दे, मी अनवाणी तुझा डोंगर चढून येतो, असं मी देवाला बोललो. आमच्या गल्लीतले गुरुस्वामी एरवी सायकलींची पंक्चरं काढायचे, त्यांनी माळ घातली आणि नेम सांगितले. पहाटे गार पाण्यानं अंघोळ, एक वेळ जेवण, जमिनीवर झोप, मांसमच्छीला हात नाही. आणि ज्यानं माळ घातली त्याला सगळ्यांनी 'स्वामी' म्हणायचं, लहानथोर कुणीही असो. त्याला शिवी द्यायची नाही, त्याला उलटून बोलायचं नाही. आता तुम्हीच बघा. वीस वर्षं मला 'यल्ल्या' आणि 'गाढवा' याशिवाय हाक नव्हती. माळ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, स्वामी, जरा बाजूला सरकता का, चप्पल घालायची आहे. खरं सांगतो, देव पावला असं मला तिथंच वाटलं.

मासळीचं लक्षात आलं ते तिसऱ्या दिवशी, ताडपत्री पसरल्यावर. हात लावायचा नाही तर कालवायची कशी? अक्का म्हणाली, मी कालवते, तू नको. पण माझ्या अंगात तोवर स्वामी पुरता भिनला होता. मी म्हटलं, हातानं नाही तरी नाकानं शिवतेच की. ज्या परसात मी राहतो तिथं सुकटीचं पोतं असलं तर व्रत कुठलं? आणि व्रत कुणासाठी आहे? मासळी बंद. त्या मापाची शेंगदाण्याची पेंड जास्त घालू. पेंड काय वाईट आहे, तेलकट, खमंग, मला दिली तर मीसुद्धा खाईन. अक्का भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवत म्हणाली, यात लिहिलंय. आई आतून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, स्वामीशी वाद घालू नये गं, तुझ्यासाठीच करतोय तो. अक्का माझ्याकडं बघत राहिली. तिच्यासाठी कुणी काही करतंय हे तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं. तिनं बोट खाली घेतलं. पोतं आम्ही शेजारी देऊन टाकलं.

आणि बघता काय, कोंबड्या जास्त खायला लागल्या. दुपारपर्यंत पुरणारी पन्हळ सकाळीच रिकामी. मी परत भरायचो, परत रिकामी. मी गल्लीभर सांगत सुटलो, देवाच्या नावानं शाकाहारी केल्या तर भूक दुप्पट झाली. पंक्चरवाल्या गुरुस्वामींनी मला चार माणसांत उभं करून हे सांगायला लावलं. दाजी गुरुवारी आले, जाळीपाशी उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खातायत की." त्यांच्या आवाजात काय होतं मला कळलं नाही, पण कॉफी न पिता ते लवकर गेले, एवढ्यावरून मी जिंकलो असं धरलं. त्या खुशीतच मी बसथांब्यापाशी गेलो आणि हातगाडीवर एक उकडलेलं अंडं खाल्लं. एकच. मीठमिरी लावून. पाठ रस्त्याकडं करून, उपरणं डोक्यावर घेऊन. गाडीवाला म्हणाला, स्वामी, अजून एक? मी नाही म्हटलं. संयम असतो माणसाकडं.

आता आठवलं की अंगावर काटा येतो, की वाईटाची पहिली खूण मी कौतुकानं दाखवत होतो. आमच्या गोठ्यातलं तूस एकदम स्वच्छ दिसायला लागलं. दुसऱ्यांच्या शेडमध्ये जावं तर खाली पिसंच पिसं, उडतात, नाकात जातात. आमच्याकडं एक पीस नाही. मी म्हणायचो, व्रताचं घर आहे, असंच निर्मळ असणार. आई मात्र एकदा जाळीपाशी उभी राहून म्हणाली, यांच्या पाठी का रे अशा? खरंच, कोंबड्यांच्या पाठीवर टक्कल पडत होतं, लाल, सोललेल्यासारखं. आणि मग एका दुपारी पन्हळ भरता भरता मी बघितलं. एक कोंबडी दुसरीच्या शेपटाशी गेली, एक पीस ओढलं आणि मान वर करून गिळलं. जिचं ओढलं ती हललीसुद्धा नाही. मग दुसरी आली. जिथं रक्ताचा ठिपका दिसला तिथं चार चोची. पन्हळ शेजारी भरलेली होती. मी फावडं तिथंच टाकलं. संध्याकाळपर्यंत त्या कोंबडीत काही राहिलं नव्हतं.

माझ्या डोक्यात एकच आलं. अंडं. कोंबडीच्या पोटचं मी खाल्लं आणि देव ते कोंबड्यांवरच काढतोय. कुणाला सांगणार? मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्याच दिवशी सगळं सरळ झालं असतं, पण स्वामीनं चोरून अंडं खाल्लं हे स्वामी कसं सांगणार? त्यापेक्षा मी व्रत आणखी कडक केलं. आणि तेव्हा ती पांढरी पूड माझ्या नाकात गेली. वास रोजच यायचा, पण त्या दिवशी मी पुडी उघडली आणि मला स्पष्ट कुजक्या अंड्याचा वास आला. मला वाटलं, देव मला दाखवतोय. हे कसलं तरी हाडामांसाचं आहे, हेच विटाळ करतंय. मी ती सगळी पूड तळ्याकाठी नेऊन पुरली, वरून दगड ठेवला, नमस्कार केला. अक्काला सांगितलं, पूड संपली, दुकानात नाही. तिला आयुष्यात खोटं सांगणारे आधीच पुष्कळ होते, त्यात मीही गेलो.

तीन-चार दिवस गेले असतील. सकाळची वेळ, धुकं होतं, तळ्यावरून गारवा येत होता. मी पन्हळी भरल्या आणि तोंड धुवायला गेलो. विमान आलं, डोक्यावरून गेलं. मी सवयीनं मोजलं, एक, दोन, तीन. आई चुलीपाशी काठी धरून थांबली होती, तीही ऐकत होती. चार, पाच, सहा. चोची काही चालू झाल्या नाहीत. मी गोठ्यात गेलो. कोंबड्या बसल्या होत्या. काही पन्हळीला टेकून बसल्या होत्या, माणूस भिंतीला टेकतो तशा. एखादी उठायची, चोच खाद्यात घालायची, दाणा उचलायची आणि परत टाकायची. पाचशे जीव आणि आवाज नाही. मी आयुष्यात पुष्कळ गोंगाटाला कंटाळलोय, पण त्या दिवसापासून शांततेला भितो. पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही घरात रेडिओ एवढा मोठ्यानं का लावता? हे घे उत्तर, लिही.

मग आम्ही सगळं करून बघितलं. गुळाचं पाणी दिलं, ओवा दिला, लसूण ठेचून दिला. मी पेंड आणखी वाढवली, वरून शेंगतेल शिंपडलं, खमंग वासानं तरी खातील म्हणून. जितकी पेंड जास्त, तितक्या त्या पन्हळीपासून लांब सरकल्या. मी स्वतः उपास धरला, दिवसभर जाळीपाशी 'स्वामी शरणं' असा देवाचा धावा करत बसलो. ते ऐकून दोन कोंबड्या माझ्याकडं पाठ करून बसल्या. रोज सकाळी एकदोन आडव्या दिसायच्या. अक्का त्या उचलायची, टोपलीत घालायची. आणि मला दिसायला लागलं की आपल्या ताटातलंही ती टाकून उठतेय.

गुरुवार आला. मोपेडचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू आला, कारण परसातून दुसरा आवाजच नव्हता. दाजी बाकड्यावर बसले नाहीत, सरळ मागं आले. जाळीतून हात घालून पन्हळीतलं मूठभर खाद्य उचललं, बोटांमधून सोडलं. मग अक्काकडं न बघता, आप्पांना म्हणाले,

"भूक नाही वाटतं. ही पण आमच्याकडं अशीच होती, मामा. ताट भरलेलं, आणि खायची नाही. काय करणार माणूस?"

मग त्यांनी हात झटकला आणि विचारलं, ट्रंक तीच आहे ना, की नवीन घेतली? दाजी म्हणाले, संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी येतो. आणि बाकड्यावर जाऊन कॉफीची वाट बघत बसले. आईनं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का घरात नव्हती. आई रडायलाच लागली, मी तळ्यावर धावलो. होय, तळ्यावर, काय वाटलं असेल ते समजा. काठावर माझा तो दगड होता, दुसरं काही नव्हतं. दुपारी ती परत आली. एकटीनं बस पकडून हेब्बाळला गेली होती, लग्नाआधी आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी, आणि डॉक्टरबाईंच्या स्कूटरवर मागं बसून त्यांना घेऊन आली होती.

डॉक्टरबाईंनी एक कोंबडी उचलली, छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला. मग पाठ बघितली, खालचं तूस बघितलं आणि विचारलं, पिसं कुठं गेली? त्यांनी खाद्याची मूठ घेऊन नाकाशी धरली. कन्नडमध्ये म्हणाल्या, पेंडच पेंड आहे ही, मासळी कुठं आहे? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गळ्यातली माळ दाखवली. त्या माळेकडं बघत राहिल्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरं, मासळी नाही, पण पूड असेल ना? अक्का म्हणाली, दुकानात संपलीय. डॉक्टरबाई म्हणाल्या, मी काल त्याच दुकानातून दुसरीकडं पाठवलीय. तेव्हा मला खरं सांगावं लागलं. आधी तळ्याकाठचं. आणि तोंड उघडलंच होतं तर पाठोपाठ अंडंही बाहेर पडलं.

आप्पा इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या नावावर आले. "गाढवा," ते म्हणाले. नंतर जे म्हणाले ते पोरगी लिहीत नाही.

डॉक्टरबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि आम्हाला समजावलं. इंग्रजी नाव सांगितलं होतं त्यांनी, अमिनो काहीतरी, दोन जातीची. ते मला तेव्हाही आलं नाही, आताही येत नाही. पण गोष्ट मी विसरलो नाही. म्हणाल्या, वाढतं अंग म्हणजे चालू बांधकाम. विटा, वाळू, चुना, सगळं लागतं. तुम्ही विटांच्या गाड्यावर गाड्या ओतल्यात आणि चुना बंद केलात. पेंडेत पुष्कळ काही आहे, पण त्या दोन गोष्टी फार थोड्या. मासळीत दोन्ही होत्या, पुडीत एक होती. मासळी गेली तेव्हा चुना थोडा कमी पडला, म्हणून त्या जास्त खात होत्या, जे मिळत नव्हतं ते दुप्पट खाऊन गोळा करत होत्या. तुम्हाला वाटलं, भूक वाढली. मग पिसांत ते असतं म्हणून एकमेकींची पिसं खाल्ली. आणि पूडही गेली तेव्हा अंगानं कामच बंद केलं. विटा रचायला चुनाच नाही म्हटल्यावर दारात आणखी विटा कोण उतरवून घेईल? आतून निरोप येतो, बास. तुम्ही जितकी पेंड वाढवाल तितका तो निरोप मोठा. यात रोग नाही, शाप नाही. भूक मेलेली नाही, ती थांबलीय. जे नाही ते द्या, दोन दिवसांत खातील. गेल्या त्या गेल्या, राहिलेल्यांचं वजन स्वल्प कमीच राहील, पण जगतील.

अक्का हे सगळं ऐकत भिंतीला टेकून उभी होती. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून. तिनं एकच विचारलं, म्हणजे दोष खाणाऱ्याचा नसतो? डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही. खाणारा बरोबरच सांगत असतो.

मी गुरुस्वामींकडं गेलो. पंक्चर काढता काढता त्यांनी सगळं ऐकलं, हात धुतले, देवासमोर माझी माळ उतरवली. एवढंच म्हणाले, की देवानं मासळी खाऊ नको म्हणून तुला सांगितलं होतं, कोंबडीला नाही. मी घरी आलो, पुडी आणली, सुक्या मासळीचं नवीन पोतं आणलं आणि परसात उखळ घेऊन बसलो. माळेशिवाय गळा इतका हलका लागत होता की सारखा हात जायचा. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका पन्हळीवर टक् असा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग टक् टक्. आई चुलीपाशी काठी धरून थांबली. आम्ही कुणी कुणाकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर तो आवाज थांबला असता असं वाटत होतं.

संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी दाजी आले. या वेळी मोपेडच्या मागं ट्रंक बांधायला दोरी होती. मी परसात मासळी कुटत होतो, वास एवढा की त्यांनी रुमाल नाकाला लावला. आईनं सवयीनं कॉफीचा लोटा आणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी जाळीतून आत बघितलं. खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नव्हतं. कोंबड्या लहानखुऱ्या, पाठी उघड्या, नवीन पिसं काट्यांसारखी वर येत असलेली. भिकाऱ्यांची सभा भरल्यासारख्या दिसत होत्या. दाजी म्हणाले, "बॅच बिघडलीच की, मामा. शब्द म्हणजे शब्द."

आप्पा गोठ्याच्या कडेला दगडावर खाली मान घालून बसले होते. शब्द दिलेला होता, बॅच बिघडलेली होती, यात खोटं काहीच नव्हतं. माझ्या हातातलं मुसळ वरच राहिलं. तेवढ्यात अक्का गोठ्यातून बाहेर आली, हाताला खाद्य लागलेलं, पदर खोचलेला. दाजींपासून हातभर अंतरावर उभी राहिली. एवढ्या जवळ उभी राहिलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"ऐकू येतंय का?" ती म्हणाली. परसभर चोची पडत होत्या. "या खात नव्हत्या तेव्हा आम्ही विचारलं, यांच्या पन्हळीत काय नाहीये. मी खात नाही म्हणून तुम्ही गावभर सांगितलंत. माझ्या ताटात काय नव्हतं, ते विचारलंत कधी?"

दाजींनी रुमाल खाली घेतला. मग नेहमीच्या गोड आवाजात आप्पांना म्हणाले, मामा, तुम्ही बोला. विमान आलं, डोक्यावरून गेलं. कोंबड्या गप्प झाल्या, आम्हीही. एक, दोन, तीन. चोची चालू झाल्या. आप्पा उठले. दाजींच्या समोरचा कॉफीचा लोटा उचलला, नळावर नेला, स्वतः घासला, धुतला आणि कट्ट्यावर पालथा घातला. जन्मात त्यांनी घरातलं भांडं घासलं नव्हतं. मग आत गेले. दाजी थोडा वेळ त्या पालथ्या लोट्याकडं बघत राहिले आणि दोरी गुंडाळून खिशात घातली. मोपेड गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी ऐकत होतो. नंतरही काही गुरुवार आमची मान आपोआप रस्त्याकडं जायची. अजून माझी जाते.

त्या जागेवर आता चार मजली इमारत आहे, अक्का तिथंच तिसऱ्या मजल्यावर राहते आणि जेवायला बसली की मला वाढणं बंद करून तिच्या ताटाकडं बघावं लागतं, एवढं जेवते. पण त्या गुरुवारी, मोपेडचा आवाज विरल्यावर, माझ्यातला स्वामी अजून थोडा शिल्लक होता. मी मुसळ खाली ठेवलं, घाम पुसला आणि अक्काला म्हटलं, बघ, शेवटी तू राहिलीसच. माझं व्रत काही वाया गेलं नाही.

अक्कानं पन्हळीत पडलेली एक काडी उचलून बाहेर टाकली.

"व्रत कोंबड्यांनी केलं, यल्ल्या," ती म्हणाली. "तू अंडं खाल्लंस. कुट आता."